ल्युपस : औषधाबरोबर आधारही हवा

आम्ही बँकेत आकडेमोड करणारी माणसे, डॉक्टर नव्हे. तरीही ल्युपसविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात, कारण या आजारात औषधाइतकीच घरच्यांच्या समजूतदारपणाची गरज असते.

शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढायचे सोडून स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करू लागते, तो हा आजार. सांधे, कातडी, मूत्रपिंडे यांना तो ग्रासतो. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुधा १५ ते ४५ वर्षे वयाच्या. काहींच्या गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा उमटतो. तो पाहून लोक दूर सरतात. पण ल्युपस स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने मुळीच पसरत नाही.

उन्हाने हा आजार बळावतो. तारकर्लीसारख्या किनाऱ्यावर तर बरीचशी कामे उन्हातलीच. मासळी सुकत घालणे असो वा पर्यटकांची ने-आण असो, वाळूवरून आणि पाण्यावरून परतलेले ऊनही अंगावर येते. डॉक्टर सावलीत राहायला सांगतात. बाई दिसायला धडधाकट, मग घरात बसली की ‘नाटक करते’ असे बोल लागतात. कोणी बाधा म्हणते, कोणी गाऱ्हाणे घालायला सुचवते. दुखण्यापेक्षा हा अविश्वासच जास्त सलतो. त्यातच स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा सुजतो, झोप उडते, चिडचिड वाढते.

मग आपण काय करावे? पहिले, तिचा थकवा खरा माना. उन्हातले काम दुसऱ्याने घ्यावे, सावलीतले तिला द्यावे. दवाखान्यात सोबत जावे. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देऊ नयेत. स्टिरॉइड एकदम थांबवणे धोक्याचे असते. लग्न, मूलबाळ संपले असेही समजू नये. आजार काही महिने शांत असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने अनेकींना मातृत्व लाभते.

दोन आठवडे उदासी हटली नाही, कशातच रस वाटेना, तर तेही डॉक्टरांना सांगावे. कधी ल्युपसच मेंदूवर परिणाम करतो. तो मनाचा दुबळेपणा नव्हे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातली एखादी मैत्रीण वारंवार गैरहजर राहत असेल तर तिची थट्टा करू नका. तिला वह्या नेऊन द्या, घटकाभर तिच्याजवळ बसा. तेवढ्यानेही तिला मोठा धीर येतो.