अर्धवट सोडलेले कोडे

संगणकावरचे नेमबाजीचे खेळ म्हणजे शत्रू दिसला की गोळी झाडायची, असा आपला समज असतो. पण डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम' या अमेरिकन खेळात शत्रूंइतकीच कुलपेही महत्त्वाची आहेत. लाल खुणेचे दार लाल किल्लीनेच उघडते, आणि ती किल्ली भलत्याच टोकाला असते. कुठे एखादा खटका दाबला की दुसरीकडची भिंत सरकते. थोडक्यात, प्रत्येक टप्पा हे एक कोडेच. ज्याला दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास मिळतो, त्याला असा टप्पा मानवेल का?

पहिला टप्पा संपल्यावर पडद्यावर ३० सेकंद ही नमुना वेळ दिसते. वाट पाठ असणाऱ्यालाच ती साधते. नवख्याचा बराचसा वेळ गोळीबारात नव्हे, शोधाशोधीत जातो. मग खेळ मध्येच सोडावा लागतो. तशी सोयही आहे. हवे तिथे थांबून खेळ जपून ठेवता येतो. चार दिवसांनी उघडला तरी शत्रू, गोळ्या, किल्ल्या जिथल्या तिथे! जपले जात नाही ते खेळणाऱ्याच्या डोक्यातले.

विचार करताना आपण एका वेळी फार थोड्या गोष्टी मनात धरू शकतो. ही संख्या सुमारे चार असावी, असे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडले. 'निळे दार बंद, खटका दाबला, लिफ्ट खाली आली, मागची खोली राहिली' – झाल्या की चार! 'डूम' यातले काही ओझे हलके करतो. मिळालेल्या किल्ल्या पडद्याच्या तळाशी दिसतात, पाहिलेल्या भागाचा नकाशाही उघडता येतो. पण कोणत्या खटक्याने काय उघडले, याची नोंद कुठेच नसते.

२००७ च्या 'पोर्टल'ने वेगळी वाट धरली. यातली बंदूक गोळ्या झाडत नाही, भिंतीत दारे पाडते. एका दारातून शिरले की दुसऱ्यातून बाहेर. कोडी वेगवेगळ्या दालनांत वाटलेली आहेत आणि प्रत्येक दालनाच्या तोंडाशी क्रमांकाची पाटी आहे. बाहेर पडताना एक झिरझिरीत पडदा ओलांडावा लागतो. सोबत आणलेला ठोकळा तिथे नष्ट होतो, पाडलेली दारेही मिटतात. पुढे न्यायचे ते फक्त शिकलेले कौशल्य. म्हणून दोन दालनांच्या मध्ये थांबले तर काही बिघडत नाही.

म्हणजे टप्पा किती लांब आहे, यापेक्षा तो सोडताना डोक्यात किती गोष्टी धरून ठेवाव्या लागतात, हे महत्त्वाचे. गुंतागुंतीच्या टप्प्याची गंमत वेगळीच, पण ती सुट्टीच्या दिवशी!

वर्गात हे ताडून पाहता येईल. मुलांना एक लांबलचक कोडे द्या आणि मध्येच थांबवा. निम्म्या मुलांना 'काय झाले, पुढे काय करायचे' हे दोन ओळींत लिहू द्या. दुसऱ्या दिवशी कोणाची गाडी लवकर रुळावर येते? तास संपल्यावर अर्धवट राहणाऱ्या गणितांबद्दलही त्यातून काही सुचेल.