मेंदूचा पांढरा भाग आणि ई४ जनुक
उतारवयात विसरायला व्हायला लागलं की चर्चा होते ती मेंदूच्या करड्या भागाची. मला जास्त कुतूहल पांढऱ्या भागाचं! पेशींना जोडणारे लांब तंतू तिथे असतात आणि त्यांच्यावर मायलिनचं चरबीयुक्त आवरण असतं, वायरवरच्या प्लास्टिकसारखं. ते खराब झालं की विचारांचा वेग मंदावतो. एमआरआयमध्ये असे भाग पांढरे ठिपके होऊन चमकतात.

‘एपोई’ जनुकाचा ई४ प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो, हे १९९३ साली ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. एपोईचं काम कोलेस्टेरॉलची ने-आण. २०२२ मध्ये एमआयटीच्या गटाला दिसलं, की ई४ असेल तर मायलिन बनवणाऱ्या पेशींत कोलेस्टेरॉल भलत्याच जागी साठतं आणि आवरण नीट तयार होत नाही. (कोलेस्टेरॉल सरसकट खलनायक नाही बरं का!)

तरी ई४ म्हणजे आजार ठरलेलाच, असं नाही. शिवाय पांढऱ्या भागाला इजा करणारा वाढलेला रक्तदाब आपल्या हातात आहे. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत (२०१९) वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलेल्या गटात एमआरआयमधले ते पांढरे ठिपके कमी वाढले, सौम्य बौद्धिक घटही कमी आढळली. डिमेन्शियाबाबत मात्र ठोस फरक दिसला नाही.

घरातल्या ज्येष्ठांचा रक्तदाब या आठवड्यात मोजून घ्या; गोळ्यांचं डॉक्टरांना ठरवू द्या.