काळ्या रेघांचा नकाशा

इ. स. १८५४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस लंडन शहरातील सोहो या भागात पटकीची भयंकर साथ उद्भवली. अवघ्या तीन दिवसांत ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या आसपास १२७ माणसे दगावली. ज्यांना शक्य होते, ते घरांना कुलुपे लावून दूर निघून गेले. पटकी ही घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेने पसरते, अशी त्या काळी बहुतेक वैद्यांची समजूत होती.

डॉ. जॉन स्नो यांना ती पटत नव्हती. हा रोग पाण्यावाटे पोटात शिरतो, असे त्यांचे मत होते. त्यांनी मृतांची यादी मिळविली आणि घरोघर जाऊन कोण कोठले पाणी पीत असे, याची चौकशी केली. बहुतेक मृत माणसे ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाचे पाणी पीत होती. स्नो यांनी ही हकीकत स्थानिक मंडळापुढे मांडली व ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. परंतु तोपर्यंत साथ ओसरू लागली होती. त्यामुळे दोष पाण्याचाच होता, हे अनेकांना मान्य होईना.

त्यांना ते पटवावे कसे? शेकडो मृत्यूंची यादी वाचून कोणाच्याही ध्यानात काय राहणार? स्नो यांनी त्या भागाचा नकाशा घेतला. ज्या घरी मृत्यू घडला, त्या घरापाशी त्यांनी प्रत्येक मृत्यूसाठी एक लहानशी काळी रेघ दाखविली. एका घरी चार मृत्यू झाले असतील, तर चार रेघा एकीवर एक. पंपाच्या जागी टिंब देऊन शेजारी ‘पंप’ असे लिहिले. हा नकाशा इ. स. १८५५ मध्ये त्यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाला.

यादीत जे दडले होते, ते नकाशात उघड दिसले. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती रेघांची दाटी होती. इतर पंपांकडे जावे, तसतशा त्या विरळ होत होत्या. नकाशातील मोकळ्या जागाही बोलक्या होत्या. जवळच्याच एका गरीबखान्यात ५३५ माणसे राहत असून तेथे पटकीने केवळ ५ दगावली. असे का व्हावे? त्या गरीबखान्याची स्वतःची विहीर होती. हवा मात्र सर्वांना एकच होती!

रेघ म्हणजे काही मृत्यूचे चित्र नव्हे. ते एक चिन्ह आहे. चिन्हाचा अर्थ एकदा ठरला, की तो बदलता कामा नये. स्नो यांच्या नकाशात सर्व रेघा सारख्या आहेत आणि प्रत्येकीचा अर्थ एकच आहे. झाडे, पुतळे, नक्षी असे अनावश्यक काहीही त्यांत नाही. म्हणूनच तो स्पष्ट आहे. तथापि केवळ नकाशा काढून भागले नसते. दारोदार फिरून मिळविलेली खरी माहिती त्या रेघांच्या पाठीशी होती.

स्नो इ. स. १८५८ मध्ये वारले. पुढे इ. स. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्ता येथे पटकीचे जंतू वेगळे करून दाखविले आणि पाण्यावरील संशय खरा ठरला. जंतू वेगळे करून दाखविले जाण्यापूर्वीच त्यांची वाट काळ्या रेघांनी दाखवून दिली होती.