विद्युत् मोटारगाडीतील घटमालेचा ऱ्हास व हमी

विद्युत् मोटारगाडी चालविण्यासाठी लागणारी ऊर्जा ज्या संचायक घटमालेत, म्हणजे रूढ भाषेत बॅटरीत, साठविलेली असते, तिची साठवणक्षमता काळाने व वापराने कमी होत जाते. या घटीला घटमालेचा ऱ्हास म्हणतात. पेट्रोलगाडीची टाकी दहा वर्षांनंतरही तेवढेच पेट्रोल मावून घेते. विद्युत् गाडीची टाकी मात्र दरवर्षी किंचित लहान होत जाते. नवी असताना प्रत्यक्ष वापरात २०० किमी. जाणारी गाडी घटमालेची क्षमता ८० टक्क्यांवर आली म्हणजे तशाच वापरात सु. १६० किमी. जाते. घटमाला हा गाडीतील सर्वांत महाग भाग असून ती स्वखर्चाने बदलावयाची झाल्यास काही लाख रुपये पडतात. त्यामुळे ऱ्हास स्वाभाविक कोठपर्यंत मानावयाचा आणि दोष कोठून, या प्रश्नाला रसायनशास्त्राइतकेच व्यवहारातही महत्त्व आले आहे.

भारतात हा प्रश्न प्रथम ‘रेवा’ या छोट्या गाडीच्या निमित्ताने पुढे आला. बंगलोर येथे तयार होणारी ही गाडी २००१ मध्ये विक्रीस आली. तिच्यात ६ व्होल्टचे आठ शिसे-अम्ल संच एकसरीत जोडून ४८ व्होल्ट विद्युत् दाब मिळविलेला असे. शिसे-अम्ल घटांचे आयुष्य थोडे असल्याने काही वर्षांनी संपूर्ण संच बदलणे हा त्या गाडीच्या नेहमीच्या खर्चाचाच भाग होता व मालकही तो गृहीत धरीत. लिथियम-आयन घट आल्यावर ही स्थिती पालटली. सोनी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये असे घट प्रथम बाजारात आणले; त्यांच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व आकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होणारी टाटा नेक्सॉन विद्युत् गाडी जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिची घटमाला ३०·२ किलोवॉट-तास क्षमतेची होती आणि तीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी., यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, हमी दिलेली होती. अशा पहिल्या गाड्यांची मुदत २०२८ पासून संपू लागेल.

ऱ्हासाची कारणे : लिथियम-आयन घटाचे भारण (चार्जिंग) होत असताना लिथियमचे आयन धनाग्राकडून निघून विद्युत् विच्छेद्यातून ऋणाग्राच्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात; गाडी चालताना ते उलट मार्गाने परततात. पहिल्याच काही आवर्तनांत ग्रॅफाइटच्या पृष्ठाशी विद्युत् विच्छेद्याचे विघटन होऊन एक पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा पुढील विघटन रोखतो म्हणून तो आवश्यकच आहे. परंतु तो सावकाश वाढत राहतो व वाढताना थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. येण्याजाण्यास मोकळे लिथियम जितके कमी, तितकी घटाची क्षमता कमी. गाडी उभी असली तरी ही क्रिया चालूच असते, म्हणून तिला कालपरत्वे ऱ्हास म्हणतात. दुसरा ऱ्हास आवर्तनांमुळे होतो. आयनांच्या ये-जा करण्याने विद्युत् अग्रांचे द्रव्य फुगते व आकसते, त्याला सूक्ष्म तडे जातात आणि नव्याने उघड्या पडलेल्या पृष्ठावर पुन्हा पापुद्रा धरतो. अतिशय थंडीत जलद भारण केल्यास लिथियम ग्रॅफाइटमध्ये न शिरता त्यावर धातुरूपाने साचते. हा प्रकार अधिक धोक्याचा आहे, पण लडाखसारख्या प्रदेशात त्याचे जितके भय तितके कोकणात नाही.

सर्व कारणांत तापमानाचा वाटा मोठा आहे. तापमान १० अंशांनी वाढले की अशा अनिष्ट विक्रियांचा वेग सु. दुप्पट होतो, असा स्थूल नियम सांगतात. या दृष्टीने मे महिन्यात ४५° से.पर्यंत तापणाऱ्या चंद्रपूर-नागपूर भागापेक्षा मालवणचा किनारा घटमालेला पुष्कळच मानवणारा म्हटला पाहिजे. अतिउष्णतेचे परिणाम अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ठळकपणे दिसून आले. निसान कंपनीच्या ‘लीफ’ गाडीच्या घटमालेला द्रवशीतनाची सोय नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात फीनिक्स शहर व परिसरातील मालकांना गाडीच्या फलकावरील क्षमतादर्शक बारा पट्ट्या एकामागून एक नाहीशा होताना दिसल्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये कंपनीने प्रथमच क्षमतेची निराळी हमी लागू केली : ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांच्या आत नऊपेक्षा कमी पट्ट्या उरल्यास घटमाला दुरुस्त करून किंवा बदलून देण्यात येईल. तोपर्यंतच्या हमीपत्रांत बिघाडाचा विचार होता, क्षमता घटण्याचा नव्हता. आज सर्वत्र आढळणाऱ्या ‘७० टक्के’ या मर्यादेचा उगम बऱ्याच अंशी या प्रकरणात आहे.

घटाच्या रासायनिक जातीनुसारही फरक पडतो. निकेल-मँगॅनीज-कोबाल्ट घटात त्याच वजनात अधिक ऊर्जा मावते. परंतु पूर्ण भारित अवस्थेत तो दीर्घकाळ ठेवल्यास त्याचा ऱ्हास वाढतो. लिथियम-लोह-फॉस्फेट घट भारतातील अनेक गाड्यांत वापरला जातो. तो जड असला तरी अधिक आवर्तने सोसतो व उष्णतेनेही सहजी बिथरत नाही. त्याचा एक दोष मात्र मालकांना चकवितो. त्याचा विद्युत् दाब भारणाच्या मोठ्या पल्ल्यात जवळजवळ स्थिर (सु. ३·२ व्होल्ट) राहतो, त्यामुळे शिल्लक भार किती याचा अंदाज नियंत्रक यंत्रणेला नीट येत नाही. फलकावर २० टक्के दिसत असता आकडा एकाएकी शून्यावर येतो, आणि मालक समजतो की घटमाला संपली. पुष्कळदा पूर्ण भारण करून यंत्रणेचा हिशेब जुळविल्यावर दोष नाहीसा होतो. म्हणूनच अशा गाड्यांचे ठराविक दिवसांनी १०० टक्के भारण करण्यास उत्पादक सांगतात.

परंतु नेहमी तसे नसते. ३२० व्होल्टच्या घटमालेत असे सु. १०० घट, किंवा समांतर जोडलेले घटांचे गट, एकसरीत असतात आणि त्यांतील सर्वांत दुबळा गट रिकामा झाला की यंत्रणा सगळी गाडीच थांबविते. बाकीचे नव्व्याण्णव धडधाकट असले तरी त्यांचा उपयोग होत नाही. अशा वेळी होतो तो ऱ्हास नव्हे, दोष होय. आणि हमीचा दावा येथे सर्वांत बळकट असतो.

ऱ्हासाचा वेग सारखा नसतो. पहिल्या एकदोन वर्षांत तो अधिक, पुढे मंद व अखेरीस पुन्हा झपाट्याने वाढणारा असतो. हजारो गाड्यांच्या माहितीवरून परदेशात काढलेली सरासरी वर्षाला सु. दोन टक्के इतकी येते. म्हणजे आठ वर्षांत ७० टक्क्यांखाली जाणारी घटमाला अपवादात्मक ठरते. उत्पादक एवढी दीर्घ हमी देतात त्यामागे औदार्यापेक्षा हे गणित अधिक आहे.

कोकणातील वापर : सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातील वालावल हे कर्ली नदीकाठचे, लक्ष्मीनारायण मंदिर व त्यालगतच्या तलावासाठी प्रसिद्ध असलेले गाव उदाहरणादाखल घेता येईल. गणेशोत्सवात चाकरमानी मुंबईहून गाडी घेऊन येतो. सु. ५०० किमी. प्रवासात वाटेत दोनतीनदा जलद भारण होते, व घरी पोचल्यावर परतीची तयारी म्हणून १०० टक्के भरलेली गाडी आठदहा दिवस मांगरात उभी राहते. जलद भारण अधूनमधून केल्याने फारसे बिघडत नाही. निकेलयुक्त घटमाला भरगच्च अवस्थेत उभी ठेवणे मात्र टाळावे. ती अर्धी भरलेली ठेवून निघण्याच्या आदल्या रात्री पूर्ण भरणे चांगले. येथील खरे शत्रू निराळेच आहेत. खाऱ्या दमट हवेने जोडण्यांना गंज चढतो, पावसाळ्यात कर्लीला पूर येतो, आणि जांभ्या दगडाच्या कच्च्या वाटेवर गाडीच्या तळाला, म्हणजे जेथे घटमाला बसविलेली असते नेमक्या तेथेच, मार बसतो. पाण्यात बुडणे व बाहेरून झालेला आघात या गोष्टी जवळजवळ प्रत्येक हमीपत्रात वगळलेल्या असतात. एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी घटमालेने पार केलेली असली, तरी तेवढ्यावरून पुरात बुडालेल्या गाडीची जबाबदारी उत्पादकावर येत नाही. तो भार विम्याचा असून, साध्या विम्यात घटमालेचे पुरेसे संरक्षण आहे की नाही हे पावसाळ्यापूर्वी पाहून ठेवावे.

हमीपत्र व दावा : हमीपत्राचा अर्थ त्याच्या शीर्षकापेक्षा त्यातील अपवादांवरून कळतो. काही हमीपत्रांत क्षमतेची किमान टक्केवारी स्पष्ट दिलेली असते. काहींत ‘स्वाभाविक ऱ्हास हमीत येत नाही’ एवढेच वाक्य असते. दुसऱ्या प्रकारचे हमीपत्र, मग मुदत कितीही लांब असो, ग्राहकाच्या दृष्टीने दुबळेच समजले पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्र कंपनीने आपल्या दोन नव्या विद्युत् गाड्यांच्या घटमालेवर ‘आजीवन’ हमी जाहीर केली आणि २०२५ मध्ये टाटा कंपनीनेही काही गाड्यांना ती लागू केली. येथे आजीवन हा शब्द मर्यादित अर्थाने घ्यावा लागतो. ती पहिल्या खाजगी मालकापुरती असते. टाटांच्या बाबतीत पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे धरली जातात, तर महिंद्रांच्या गाडीची विक्री झाल्यावर नव्या मालकास १० वर्षे किंवा २ लाख किमी.ची हमी राहते. जुनी गाडी घेणाऱ्याने हा फरक अवश्य ध्यानात ठेवावा.

दावा करताना ‘गाडी पूर्वीइतकी जात नाही’ हे विधान निरुपयोगी असते. अंतर हे वेग, चढ, वातानुकूलन व चालकाचा पाय यांवर अवलंबून असल्याने, प्रमाणित चाचणीतील अंतराशी तुलना करून काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध करावयाची असते ती क्षमता. घटमाला जवळजवळ रिकामी करून घरच्या भारकावर सलग पूर्ण भरावी आणि मीटरवर पडलेले युनिट टिपावेत. भारणात सु. दहा टक्के ऊर्जा वाया जाते हे ध्यानात घेऊन हीच चाचणी दर सहा महिन्यांनी केल्यास घसरणीचा आलेख हाती येतो. सेवाकेंद्राकडून घटमालेच्या आरोग्याचा टक्केवारीतील आकडा लेखी मागावा व प्रत्येक भेटीच्या जॉबकार्डावर तक्रार स्वतःच्या शब्दांत नोंदवून घ्यावी. तोंडी सांगितलेली तक्रार पुढे कोठेच सापडत नाही. तालुक्याच्या गावी विक्रीदालन असले, तरी उच्च दाबाच्या घटमालेचे काम करणारे तंत्रज्ञ तेथे असतीलच असे नाही. गाडी दूर न्यावी लागल्यास वाहतुकीचा खर्च कोणाचा, हेही आधीच लेखी ठरवून घ्यावे. दावा मान्य झाला तरी बहुधा संपूर्ण घटमाला न बदलता सदोष संचच बदलतात, तो कधी दुरुस्त केलेलाही असतो, आणि बदललेल्या भागावर सामान्यतः मूळ हमीची उरलेली मुदतच चालू राहते.

दावा फेटाळला गेल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार घेता येतो. हा अधिनियम २० जुलै २०२० पासून अंमलात आला. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा त्याने दिली, हे खेड्यातील ग्राहकाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. वालावलच्या रहिवाशाने गाडी मुंबईत किंवा कोल्हापुरात घेतली असली, तरी त्याला सिंधुदुर्ग जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाच्या अधिकारात येते. १० ते २० लाख रुपयांच्या गाडीसाठी शुल्क अवघे ४०० रुपये आहे. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. दोष तपासणीशिवाय ठरविता येत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या गाडीला हे संरक्षण नाही. तथापि स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः टॅक्सी चालविणारा ग्राहकच मानला जातो.

किमान टिकाऊपणा कायद्यानेच ठरवून देण्याकडे जगाचा कल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या वाहननियमन मंचाने मार्च २०२२ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक नियमानुसार घटमालेची क्षमता ५ वर्षे किंवा १ लाख किमी.पर्यंत ८० टक्के आणि ८ वर्षे किंवा १·६ लाख किमी.पर्यंत ७० टक्के राहिली पाहिजे. शिवाय तिचे आरोग्य दर्शविणारा आकडा मालकाला गाडीतच वाचता आला पाहिजे. हे दुसरे कलम पहिल्याहून अधिक उपयुक्त आहे, कारण मोजमाप एकट्या उत्पादकाच्या हाती असेपर्यंत टक्केवारीच्या हमीला फारसा अर्थ राहत नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या विद्युत् वाहन धोरणात घटमालेवर किमान पाच वर्षांची हमी देणाऱ्या उत्पादकांसाठी प्रोत्साहनाची तरतूद होती.

गाडीतून काढलेली घटमाला निकामी झालेली नसते. ७० टक्के क्षमता उरलेले संच सौर ऊर्जा साठविण्यास पुष्कळ वर्षे चालू शकतात. भारत सरकारच्या ऑगस्ट २०२२ मधील नियमांनुसार वापरलेल्या घटमाला गोळा करून त्यांचा पुनर्वापर किंवा त्यांतील धातूंची पुनःप्राप्ती करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकण्यात आली असून त्या उकिरड्यावर टाकण्यास किंवा जाळण्यास मनाई आहे.