फोन रूट करण्याआधी: सहा गैरसमज आणि त्यांची वस्तुस्थिती

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की दातिवरे, कोरे, एडवणच्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवल्या जातात आणि तरुण मुलांना जरा सवड मिळते. घरातला जुना, अडखळत चालणारा अँड्रॉइड फोन हातात घेऊन, व्हिडिओ बघत तो 'रूट' करायचा बेत याच दिवसांत ठरतो. ही उत्सुकता चांगली आहे आणि ती मारू नये असं मला मनापासून वाटतं. पण आज त्याच फोनवर मासळीचे पैसे जमा होतात, बँकेचा ओटीपी येतो, वादळाचा इशारा येतो आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचा मासळी कुठे मिळेल याचा अंदाजही येतो. म्हणून हात घालण्याआधी ऐकीव माहिती बाजूला ठेवून खरं काय ते समजून घ्यायला हवं.

गैरसमज १: रूट करणं म्हणजे हॅकिंग, तो गुन्हा आहे.

वस्तुस्थिती: अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे. लिनक्समध्ये सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला 'रूट' म्हणतात. कंपनी फोन विकताना हा अधिकार बंद ठेवते आणि रूट करणं म्हणजे तो स्वतःकडे घेणं. स्वतःचा फोन रूट करण्याला गुन्हा ठरवणारा वेगळा कायदा भारतात नाही. फोनचा आयएमईआय क्रमांक बदलणं मात्र गुन्हाच आहे. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कोणी 'रूट करून आयएमईआय बदलून देतो' म्हणालं, तर त्याच्याकडे फोन देऊ नका.

मराठी वाचकांना तर रूटने एकेकाळी मोठा आधार दिला आहे. २०११ च्या आधी बऱ्याच अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. तेव्हा अनेकांनी फोन रूट करून सिस्टिमच्या फोल्डरमध्ये देवनागरी फाँट टाकला. जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या जागा सोडायच्या, तरी मराठी वाचता यायची. पुढे अँड्रॉइड ४.० पासून देवनागरी नीट दिसू लागली आणि २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये मराठी ही फोनची अधिकृत भाषा झाली. कंपन्यांनी जे उशिरा दिलं, ते लोकांनी आधीच मिळवलं होतं.

गैरसमज २: रूट आणि कस्टम रॉम एकच.

वस्तुस्थिती: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींच्या आधी येतो बूटलोडर. फोन चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमपैकी हा एक. पुढची प्रणाली कंपनीचीच आहे ना, हे तो तपासतो. तो अनलॉक केल्याशिवाय सहसा काहीच करता येत नाही. त्यानंतर कंपनीच्या प्रणालीवरच रूट घेता येतं. आज त्यासाठी 'मॅजिस्क' सर्वांत परिचित आहे. २०१६ मध्ये आलेलं हे साधन मूळ सिस्टिमच्या फायलींना हात न लावता फोनच्या बूट इमेजमध्ये, म्हणजे प्रणाली सुरू करणाऱ्या भागात, बदल करतं. किंवा अख्खी प्रणालीच बदलता येते, तिला कस्टम रॉम म्हणतात. डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेनमॉड नावाचा कस्टम रॉम बंद पडला, त्यातून उभं राहिलेलं लिनिएजओएस हे त्याचं ठळक उदाहरण. लिनिएजओएस टाकलं म्हणून फोन रूट होत नाही. ज्याला फक्त ताजी, हलकी प्रणाली हवी आहे त्याला रूटची गरजच नसते.

गैरसमज ३: कुठलाही फोन एका क्लिकमध्ये रूट होतो.

वस्तुस्थिती: गूगलच्या पिक्सेलवर बूटलोडर अनलॉक करणं तुलनेने सोपं आहे. शाओमीमध्ये खातं जोडून अर्ज करावा लागतो, वाट पाहावी लागते आणि नव्या फोनवर अटी आणखी कडक आहेत. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणंच थांबवलं. 'एक क्लिक'वाली अ‍ॅप्स जुन्या प्रणालीतल्या सुरक्षेच्या भोकातून आत शिरायची. आज त्या नावाने फिरणाऱ्या फायलींतून काय आत येईल याची खात्री नाही, आणि आपण तर त्यांना सर्वाधिकार देऊन बसतो.

फोनचं नाव सारखं असलं तरी आतला फोन वेगळा असू शकतो. रेडमी नोट ४ एकाच नावाने दोन चिपवर आला: स्नॅपड्रॅगनवाल्याचं सांकेतिक नाव 'मिडो', मीडियाटेकवाल्याचं 'निकेल'. एकाची फाइल दुसऱ्यावर टाकली तर फोन सुरूच होणार नाही. म्हणून खोक्यावरचं नाव पुरत नाही, आपल्या फोनचं सांकेतिक नाव शोधावं लागतं.

गैरसमज ४: फोटो आणि नंबर जागच्या जागी राहतात.

वस्तुस्थिती: बूटलोडर अनलॉक करताच फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हे मुद्दाम केलेलं आहे. चोराने फोन अनलॉक केला तरी मालकाची माहिती त्याच्या हाती लागू नये, हा त्यामागचा हेतू. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, फोटो, संपर्क आणि बोटीची कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवून घ्या, आणि ती तिथे खरोखर उघडतात का तेही पाहा.

गैरसमज ५: यूपीआय आणि बँक अ‍ॅप्स पूर्वीसारखी चालतील.

वस्तुस्थिती: नवशिक्याचं खरं नुकसान इथेच होतं. गूगलची 'प्ले इंटिग्रिटी' नावाची व्यवस्था अ‍ॅपला सांगते की फोनची प्रणाली मूळ आहे की बदललेली. बँकांची आणि पैसे पाठवण्याची अनेक अ‍ॅप्स हे उत्तर पाहून चालायला नकार देतात. रूट लपवण्याच्या युक्त्या आहेत, पण त्या आज चालतात आणि उद्या बंद पडतात. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या फोनवर ही तपासणी हार्डवेअरमधल्या पुराव्यावर आधारलेली आहे, त्यामुळे लपवणं आणखी अवघड झालं आहे. बँकांच्या या सावधगिरीला कारण आहे: रूट अधिकार मिळालेलं वाईट अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपच्या कप्प्यातली माहिती वाचू शकतं. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये तर अनधिकृत प्रणाली टाकताच 'नॉक्स' या सुरक्षाव्यवस्थेचा एक फ्यूज कायमचा उडतो. नंतर मूळ प्रणाली परत टाकली तरी 'सिक्युअर फोल्डर'सारख्या सोयी परत येत नाहीत.

गैरसमज ६: रूट केलं की जुना फोन नव्यासारखा पळतो.

वस्तुस्थिती: प्रोसेसर तोच, रॅम तीच, थकलेली बॅटरीही तीच. हलकी प्रणाली आणि कमी अ‍ॅप्स यांमुळे फरक पडतो, पण त्यासाठी अनेकदा रूट लागतच नाही. कंपनीने घुसवलेली बरीच अ‍ॅप्स संगणकाला यूएसबी केबल जोडून, एडीबी या गूगलच्याच साधनाने रूटशिवाय आपल्या वापरातून काढता येतात. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमधल्या 'प्रायव्हेट डीएनएस'ने जाहिरातीही बऱ्याच रोखता येतात. कस्टम रॉमचा खरा फायदा वेगळा आहे. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनला अँड्रॉइडच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतात. मात्र मॉडेम आणि चिपच्या बंद भागातल्या दुरुस्त्या मूळ कंपनीकडूनच येतात, आणि त्या थांबल्या की थांबल्याच.

मग करायचं की नाही?

करायचं, पण घरातल्या दुसऱ्या, जुन्या फोनवर. ज्या फोनवर यूपीआय आहे आणि जो समुद्रावर सोबत जातो, त्याला हात लावू नये. जुन्या फोनवर करतानाही चार गोष्टी पाळा.

- आपल्या फोनच्या सांकेतिक नावासाठी कस्टम रॉमची अधिकृत आवृत्ती उपलब्ध आहे का, ते आधी पाहा.
- कंपनीची मूळ प्रणाली आधीच उतरवून ठेवा. फोन लोगोवर अडकला तरी फास्टबूट, म्हणजे संगणकावरून प्रणाली टाकण्याची सोय, चालत असेल, तर तो बहुधा तिनेच परत उठतो.
- पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधीही जाते, म्हणून चार्ज केलेला लॅपटॉप वापरा. प्रणाली टाकण्याचं काम अर्ध्यात तुटलं तर फोन कायमचा बंद पडू शकतो.
- कस्टम प्रणाली आत असताना बूटलोडर पुन्हा लॉक करू नका. बहुतेक फोन त्यानंतर सुरूच होत नाहीत.

ज्या वस्तूचे पैसे आपण मोजले तिच्या आत काय चालतं हे जाणून घेण्याचा हक्क आपला आहे. टाकून दिलेल्या फोनवर गावातल्या एखाद्या मुलाने हे नीट शिकून घेतलं, तर तो शेजारच्या चार घरांतले फोन भंगारात जाण्यापासून वाचवेल. रोजच्या फोनवर घाई केली, तर त्याच्याच घरातला व्यवहार अडेल. 'रूट कसं करायचं' याच्याआधी 'कोणता फोन' हे ठरवा, कारण बहुतेक नुकसान तेवढ्याने टळतं.