मटण सुटले, कांदा सापडला

मिरजेहून दुपारी निघालेली पंढरपूरची एसटी सांगोल्याच्या स्थानकात शिरते, तेव्हा सूर्य मावळायला आलेला असतो. चालक गाडी उभी करतो आणि मागे वळून म्हणतो, "भाई, झाली बघा वेळ." वाहक तिकिटांची पेटी बाजूला ठेवतात. डब्यातून एक खजूर, पाण्याची बाटली आणि एक कडकसर केळे निघते. पुढच्या बाकावरच्या माळकरी आजी कांदाभज्यांचा पुडा पुढे करतात. "घे रे बाबा, दिवसभर उपाशी आहेस." वाहक हसून छातीवर हात ठेवतात. "आजी, तुमचा आशीर्वाद द्या. भजी पोटाला चालत नाहीत."

हे एवढे वाक्य सहज बोलता यायला त्यांना आठ वर्षे लागली.

त्यांचे वय सत्तेचाळीस. आठ वर्षांपूर्वी पोटाची तक्रार सुरू झाली. जेवण झाले की पोट नगाऱ्यासारखे फुगायचे, बेंबीखाली कळ यायची आणि शौचाला जाऊन आले की तासभर बरे वाटायचे. कधी दोन दिवस पोट साफ नाही, तर कधी सकाळपासून चार फेऱ्या. वाहकाच्या नोकरीत हे दुखणे म्हणजे रोजची परीक्षा. मार्गावरच्या प्रत्येक स्थानकात शौचालय कुठल्या कोपऱ्यात आहे, हे त्यांना पाठ झाले होते.

रमजानमध्ये त्यात आणखी एक भर पडे. रात्री तरावीहची नमाज लांब चालते. पोटातली हवा सरली की वजू, म्हणजे नमाजआधीची हात-पाय-तोंड धुण्याची शुद्धी, मोडते. पुन्हा वजू करायला मागे जावे लागते. म्हणून ते शेवटच्या रांगेत, दाराजवळ उभे राहू लागले. मग जाणेच सोडले. गेल्या वर्षी नऊ रोजे सुटले. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनातच आहे, सुटलेले रोजे नंतर भरून काढता येतात. हे त्यांना ठाऊक होते, तरी मनाला लागले. नातेवाइकांकडची इफ्तारची बोलावणी ते टाळू लागले, तेव्हा कोणी म्हणाले, "मोठे झाले आता, आपल्याकडे कशाला येतील?"

सल्ले फार, नोंद शून्य

या काळात ज्याने त्याने एकेक पदार्थ बंद करायला लावला. कोणी वांगे सोडायला सांगितले, कोणी भात, कोणी अंडी. मटणाच्या जेवणानंतर हमखास त्रास व्हायचा, म्हणून मटण तर पहिल्याच वर्षी सुटले. ताट रिकामे होत गेले, वजन घटले, त्रास मात्र तसाच राहिला.

शेवटी एका पोटविकारतज्ज्ञाने नीट विचारपूस केली. शौचातून रक्त जाते का, रात्री झोपेतून त्रासामुळे जाग येते का, ताप असतो का, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का? वजन घटले होते, म्हणून रक्तातले हिमोग्लोबिन, शौचाची तपासणी आणि गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक आजाराची चाचणी करून घेतली. ही चाचणी गहू खाणे चालू असतानाच करावी लागते. आधीच गहू सोडला असेल तर निकाल फसवा येऊ शकतो. सगळे अहवाल चांगले आले. वजन उपासमारीने घटले होते. डॉक्टरांनी नाव सांगितले, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस.

यात आतड्याला जखम नसते, सूज नसते आणि यातून कर्करोगही होत नाही. पण दुखणे खोटे नसते. मेंदू आणि आतडी यांच्यातला निरोपांचा व्यवहार बिघडलेला असतो. इतरांना जाणवतही नाही एवढ्या ताणाने या माणसाचे आतडे दुखते. 2016 साली ठरलेल्या 'रोम 4' या निकषांनुसार, गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून निदान एक दिवस पोटदुखी, तिचा शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांत बदल आणि शौचाच्या स्वरूपात बदल यांपैकी निदान दोन गोष्टी, आणि तक्रार सुरू होऊन सहा महिने झालेले, हे पाहून निदान केले जाते.

"आता कोणता पदार्थ नडतो ते शोधा," डॉक्टर म्हणाले. "पण अंदाजाने नको, वहीत लिहून."

शंभरपानी वही

वही त्यांच्या पत्नीने हाती घेतली. मुलाच्या शाळेची शंभरपानी वही, पट्टीने आखलेले रकाने. किती वाजता खाल्ले, काय खाल्ले, किती खाल्ले, कशात शिजवले होते, त्रास किती वाजता झाला, शौच कसे झाले, झोप किती झाली, त्या दिवशी काही ताण होता का. तीन आठवडे खाण्यात काहीही बदलायचे नव्हते. फक्त लिहायचे.

शेवटचे दोन रकाने अनेक जण गाळतात. पण रात्रपाळी, भांडण, घाई यांनीही पोट बिघडते. बायकांना पाळीच्या दिवसांत त्रास वाढू शकतो. ते लिहिले नाही तर त्या दिवशीच्या भाजीवर उगाच आळ येतो.

वेळेचा रकाना तर सर्वांत महत्त्वाचा. ज्या पदार्थांमुळे गॅस होतो, त्यांचा न पचलेला भाग मोठ्या आतड्यात पोचायला काही तास लागतात. वाहकांना संध्याकाळी पाचला स्थानकातला चहा प्यायला की पोट फुगायचे. दोषी चहा ठरला होता. वहीत मात्र दिसले की चहा घेतला नाही तरी पाचला पोट फुगतेच. मूळ दुपारच्या डब्यात होते.

विज्ञान काय सांगते

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात या विषयावर मोठे काम झाले आहे. तेथील संशोधकांनी काही विशिष्ट शर्करांना 'फॉडमॅप' हे एकत्रित नाव दिले. कांदा, लसूण आणि गहू यांतले फ्रुक्टान, दुधातले लॅक्टोज, चणे-राजमा अशा कडधान्यांतले गॅलॅक्टन, मध, आंबा, कलिंगड यांतले जास्तीचे फ्रुक्टोज, फ्लॉवरमधले मॅनिटॉल, ही त्या कुटुंबातली मंडळी. लहान आतड्यात त्या नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, आणि मोठ्या आतड्यातले जंतू त्यांना आंबवून वायू करतात. हे सगळ्यांच्याच पोटात घडते. ज्यांचे आतडे हळवे, त्यांना ते सोसत नाही.

आता इफ्तारचे नेहमीचे ताट डोळ्यांसमोर आणावे. खजूर, कलिंगड, उकडलेल्या चण्यांची चाट, कांदाभजी, समोसे, मग कांद्या-लसणाच्या वाटणातला रस्सा. हलीममध्ये तर गहू, डाळी आणि तळलेला कांदा एकाच भांड्यात. त्यावर तेलकटपणा, तिखट, आणि दिवसभर रिकामे असलेले पोट एका बैठकीत भरण्याची घाई. पोट एकदम भरले की आतड्यांची हालचाल तशीही जोर धरते. यातला गुन्हेगार नेमका कोण, हे अशा ताटावरून कळणे शक्यच नाही. म्हणून शोध रमजानच्या आधी पुरा व्हायला हवा.

आधी वजाबाकी, मग बेरीज

रमजानला तीन महिने असताना त्यांनी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सुरुवात केली. पहिले चार आठवडे वरच्या यादीतले पदार्थ बंद. भात, ज्वारीची भाकरी, अंडी, मासे, बटाटा, गाजर, काकडी, वांगे, टोमॅटो, संत्रे, पपई चालू. ही वजाबाकी दोन ते सहा आठवड्यांपुरतीच करायची असते, कायमची नव्हे. वजन कमी असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि मुलांच्या बाबतीत पालकांनी ती स्वतःच्या मनाने करू नये.

खरी अडचण स्वयंपाकघरात होती. कांदा-लसणाशिवाय सालन करायचे कसे? पत्नीने शेजारच्या काकूंना विचारले. काकूंकडे चातुर्मासात चार महिने कांदा-लसूण बंद.

"भाभी, त्यात काय अवघड?" काकू ओट्याशी येऊन उभ्याच राहिल्या. "आलं घ्या, जिरं घ्या, सुकं खोबरं आणि तीळ भाजून वाटा. वरून हिंगाची फोडणी. कांद्याची आठवणसुद्धा येणार नाही."

आहारतज्ज्ञाने आणखी एक युक्ती सांगितली. फ्रुक्टान पाण्यात उतरतात, तेलात उतरत नाहीत. म्हणून तेलात लसणाच्या पाकळ्या परतून त्या काढून टाकल्या, तर वास उरतो आणि त्रासाचा भाग निघून जातो. पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भागही चालतो.

तिसऱ्या आठवड्यात पोटाचा ताण उतरला. मग बेरीज सुरू झाली. एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, रोज थोडे प्रमाण वाढवत. मग पोट शांत होईपर्यंत दोन-तीन दिवस साधे जेवण, त्यानंतर पुढचा पदार्थ.

पत्नीने पहिल्यांदा मटण घेतले. आले, मिरी आणि खोबऱ्याच्या वाटणातले, कांद्याशिवाय. पहिला दिवस शांत. दुसरा शांत. तिसऱ्या दिवशी दोन वाट्या, तरी शांत. आठ वर्षे सोडलेले मटण निर्दोष निघाले! मांसात या शर्करा नसतातच. पुढच्या फेरीत साध्या भाताबरोबर दोन चमचे परतलेला कांदा दिला. रात्रीपर्यंत पोट फुगले. मटणाच्या प्रत्येक पातेल्यात तळाला पाव किलो कांदा होता, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

"अहो, उगाच बिचाऱ्या मटणावर आळ घेतला आपण," पत्नी म्हणाली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले.

पुढच्या आठवड्यांत वहीत एकेक निकाल उतरत गेला. लसूण नडतो. दोन चपात्या चालतात, चार नाही. अर्धा कप दूध चालते, सहेरीला भरून पेलाभर दूध-फेणी नाही. दही चालते. चणे रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, शिजवून मूठभर खाल्ले तर चालतात. फ्लॉवर बिनघोर. वांगे, भात, अंडी, सगळे निर्दोष. कायमचे दूर ठेवावे लागले फक्त कांदा आणि लसूण. बाकी सारा प्रमाणाचा प्रश्न होता.

दुसऱ्या कोणाच्या वहीत वेगळा निकाल येईल. कोणाला दूध नडेल, कोणाला मिरची, कोणाला तळकट, तर कोणाला एकही पदार्थ नाही, फक्त ताण. म्हणून या वाहकांची यादी कापून फ्रिजवर चिकटवण्यात अर्थ नाही. उचलायची ती पद्धत. एकादशीला फराळ करून पोट धरून बसणाऱ्यांनाही तीच उपयोगी पडेल.

यंदाचा रमजान

यंदा सहेरीला भाकरी किंवा भात, अंडी, थोडे दही आणि भरपूर पाणी. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाण्यातून इसबगोल. इफ्तारला एक खजूर आणि पाणी, हलके काहीतरी, मग मगरीबची नमाज, आणि खरे जेवण त्यानंतर सावकाश. खजुरातही फ्रुक्टान असतात. एक चालतो, मूठभर नाही.

सातव्या रोज्याला मात्र घोटाळा झाला. चुलतभावाकडे हलीमचा वाडगा पुढे आला आणि नाही म्हणवले नाही. रात्र वाईट गेली, दुसऱ्या दिवशीचा रोजा सोडावा लागला. वहीत ते जसेच्या तसे लिहिले. त्या दिवसानंतर त्यांनी आधीच फोन करायला सुरुवात केली, "येतो, नक्की येतो, पण माझ्यासाठी कांद्याशिवाय काही ठेवा. नाहीतर साधा भातही चालेल." आश्चर्य म्हणजे कोणीही रागावले नाही. इतकी वर्षे खरे कारण कोणाला सांगितलेच नव्हते. पोटाच्या तक्रारीची माणसाला लाज वाटते, आणि ती लाज पाहुण्या-यजमानांत गैरसमज पेरते. पाहुण्याने नको म्हटले की आग्रह एकदाच करावा, यजमानांनी एवढे पाळले तरी अशा माणसाचे ओझे हलके होते.

सुटी असली की ते आता तरावीहला जातात. रांग ठरवून धरत नाहीत, जिथे जागा मिळेल तिथे उभे राहतात.

ईदला घरी शीरखुर्मा होईल. वहीच्या हिशेबाने त्यांच्या वाट्याला अर्धी वाटी आहे. आणि दुपारी मटण आहे. वाटण काकूंच्या पद्धतीचे, म्हणून काकूंच्या घरी पाठवायच्या डब्यासाठी त्याच वाटणातले बटाटे वेगळ्या पातेल्यात शिजणार आहेत.