विश्लेषण : मैदानावर चुरस, मैदानाबाहेर दोस्ती… युवा फुटबॉल क्लबांनी प्रतिस्पर्ध्याला का जपायचे?

एका क्लबने कितीही सराव केला, तरी सामना व्हायला समोर दुसरा क्लब लागतोच. मुंबई-पुण्यात एका संघाशी बिनसले, तर खेळायला दुसरे दहा मिळतात. अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात तसे नसते. इथे तीच मुले, तेच प्रशिक्षक, तेच पंच आणि तेच पालक वर्षभर एकमेकांसमोर येतात. त्यामुळे खिलाडूवृत्ती ही इथे बक्षीस समारंभातील भाषणापुरती गोष्ट राहत नाही. जिल्ह्याचा फुटबॉल टिकणार की नाही, हे तिच्यावर ठरते. ते कसे, हे समजून घेऊ.

आजचा प्रतिस्पर्धी उद्याचा सहकारी कसा?

महाराष्ट्रातील फुटबॉलचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजेच ‘विफा’ पाहते. जिल्हा संघटना तिच्याशी संलग्न असतात. आंतरजिल्हा स्पर्धेत क्लब उतरत नाहीत, जिल्ह्याचा संघ उतरतो आणि तो वेगवेगळ्या क्लबांतील खेळाडूंमधून निवडला जातो. म्हणजे गेल्या महिन्यात ज्या बचावपटूने तुमच्या आघाडीवीराला रोखले, तोच आता त्याच्या मागे उभा राहून गोल वाचवणार असतो.

शालेय स्पर्धांतही हेच घडते. तिथे शाळेचा संघ तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढतो. महसुली रचनेत अहिल्यानगर नाशिक विभागात असले, तरी क्रीडा विभागाच्या रचनेत ते पुणे विभागात येते. त्यामुळे जिल्हा जिंकणाऱ्या शाळेला पुणे आणि सोलापूरच्या संघांशी झुंजावे लागते. पुढे राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी राज्याचा संघ निवडताना अनेक शाळांतील खेळाडू एकत्र येतात. जिल्ह्यात घट्ट लढती झाल्या नसतील, तर विभागातल्या पहिल्याच सामन्यात ते उघडे पडते. चांगला प्रतिस्पर्धी म्हणजे घराजवळ मिळणारा सर्वात स्वस्त प्रशिक्षकच.

मग चुरस टोकाला का जाते?

कारण पणाला बरेच काही लागलेले असते. स्पर्धेतील पातळी आणि कामगिरीनुसार खेळाडूंना दहावी-बारावीत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. एका निवड चाचणीवर मुलाचे वर्ष अवलंबून असते, असे पालकांना वाटते आणि ते सर्वस्वी चुकीचेही नाही. त्यात गल्ली, शाळा, क्लब यांचा अभिमान मिसळतो. मग ऑफसाइडच्या एका निर्णयावरून रेषेबाहेरचा आरडाओरडा सुरू होतो. मुले खेळ विसरून बाहेर पाहू लागतात.

लहान गावात आणखी एक अडचण असते. पंचही बहुतेकदा इथलाच असतो. तो कधीकाळी कुठल्या तरी क्लबकडून खेळलेला असतो. त्यामुळे त्याच्या शिट्टीवर संशय घेणे सोपे जाते आणि चांगली माणसे पंचगिरी करायला कचरू लागतात. पंच नाही तर स्पर्धा नाही, हे मात्र भांडताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

कोल्हापूरचे उदाहरण काय सांगते?

महाराष्ट्रात क्लबांच्या चुरशीचे सर्वात ठळक रूप कोल्हापुरात दिसते. तिथला फुटबॉल पेठांतून आणि तालमींतून वाढला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथे घराघरांत माहीत असतात. छत्रपती शाहू स्टेडियमवर महत्त्वाच्या सामन्याला हजारोंची गर्दी होते. स्थानिक सामन्याला इतके प्रेक्षक देशातल्या फार थोड्या शहरांत मिळतात.

अशा वातावरणात मुलांना फुटबॉल वेगळा शिकवावा लागत नाही. भारतात २०१७ मध्ये झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पुढची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली.

पण याच शहराने दुसरी बाजूही पाहिली आहे. समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबले, पोलिस बंदोबस्त वाढवावा लागला, संघांवर आणि खेळाडूंवर कारवाई झाली. भांडण गॅलरीत होते आणि त्याची किंमत मैदानातले खेळाडू मोजतात. पेठेच्या अभिमानाने फुटबॉल मोठा केला आणि तोच अभिमान हाताबाहेर गेला की फुटबॉल बंद पडतो. नव्याने क्लब उभारणाऱ्या जिल्ह्यांनी कोल्हापूरकडून घ्यायचे ते हेच : गर्दी हवी, हुल्लड नको.

नियमांत खिलाडूवृत्तीला स्थान आहे का?

आहे, आणि ते नेमके आहे. खिलाडूवृत्तीला न शोभणारे वर्तन, पंचांशी हुज्जत, मुद्दाम वेळ काढणे यासाठी पिवळे कार्ड दिले जाते. एकाच सामन्यात दोन पिवळी म्हणजे लाल, आणि उरलेला सामना एक खेळाडू कमी घेऊन. संघात सातपेक्षा कमी खेळाडू उरले, तर सामना पुढे चालवता येत नाही. युवा आणि तळागाळातील फुटबॉलमध्ये खेळाडूला काही मिनिटे बाहेर बसवण्याची शिक्षा वापरण्याची मुभाही नियमांत आहे.

शिस्तीचा हिशेब कधी कधी थेट निकाल ठरवतो. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण समान, गोल समान आणि आपसातील सामनाही २-२ असा बरोबरीत होता. जपानला चार, तर सेनेगलला सहा पिवळी कार्डे मिळाली होती. तेवढ्या फरकावर जपान बाद फेरीत गेला आणि सेनेगल घरी परतला.

२०२४ च्या युरो स्पर्धेत आणखी एक पद्धत दिसली. निर्णयाबद्दल पंचांशी बोलायला फक्त कर्णधाराने पुढे यायचे, बाकीच्यांनी घेराव घालायचा नाही. ही पद्धत राबवायला एक पैसाही लागत नाही. शाळेच्या पटांगणावरही ती लागू करता येते.

नियम संपतात तिथे काय होते?

जखमी खेळाडूवर उपचार व्हावेत म्हणून एखादा संघ चेंडू मुद्दाम बाहेर मारतो. थ्रो-इन मिळालेला संघ मग चेंडू परत देतो. हे नियमात लिहिलेले नाही, हा केवळ रिवाज आहे.

फेब्रुवारी १९९९ मध्ये इंग्लंडच्या एफए कपमध्ये हाच रिवाज मोडला. शेफील्ड युनायटेडने जखमी खेळाडूसाठी चेंडू बाहेर मारला होता. आर्सेनलकडून पहिलाच सामना खेळणाऱ्या कानूने परत जाणारा चेंडू अडवून पुढे दिला आणि ओव्हरमार्सने गोल केला. नियमाने गोल वैध होता आणि आर्सेनल २-१ ने जिंकले. पण प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी स्वतःहून सामना पुन्हा खेळण्याचा प्रस्ताव दिला. सामना पुन्हा झाला. आर्सेनलने तोही २-१ असाच जिंकला, फक्त या वेळी कुणाला बोट दाखवायला जागा उरली नाही.

डिसेंबर २००० मध्ये वेस्ट हॅमच्या पाओलो डी कॅनिओने एव्हर्टनविरुद्ध गोलची संधी असताना चेंडू चक्क हातात पकडला, कारण समोरचा गोलरक्षक जखमी होऊन पडला होता. सामना १-१ बरोबरीत होता. त्याला पुढे ‘फिफा’चा फेअर प्ले पुरस्कार मिळाला.

जिल्ह्यातील क्लबांना काय करता येईल?

सुरुवात हंगामापूर्वीच करता येते. दोन क्लबांनी महिन्यातून एकदा एकत्र सराव ठेवावा आणि संघ मिसळून खेळवावेत. म्हणजे जिल्हा निवडीच्या दिवशी मुले अनोळखी राहणार नाहीत. पालकांनी कुठे उभे राहायचे, याची चुन्याची रेषा आखावी आणि सूचना फक्त प्रशिक्षकानेच द्याव्यात. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्याइतकेच बक्षीस सर्वात कमी कार्डे मिळवणाऱ्या संघालाही द्यावे.

समोरच्या संघाची गाडी वाटेत अडकली, तर वॉकओव्हर घेणे नियमात बसते. पण आयोजकांची आणि पंचांची तयारी असेल, तर अर्धा तास थांबण्याची विनंती करावी. फुकटचा विजय गुणतक्त्यात दिसतो, मुलांच्या पायात मात्र काहीच उतरत नाही. आणि पुढच्या वेळी गाडी आपलीही अडकू शकते.